डावखुऱ्याला दिलेली कॉफी

ओल्विनला आश्रय मंजूर झाला, ही बातमी त्याने फोनवर सांगितली तेव्हा देनियाच्या मनात आधी आलं ते काही चांगलं नव्हतं. तिच्या मनात आलं, माझ्या वाटणीचं यानं नेलं.

अशी वाटणी नसते हे तिला माहीत होतं. ती ओल्विनची थोरली बहीण. दोघं होंडुरासच्या एकाच गावातून, एकाच घरातून, एकाच माणसाला भिऊन निघाले होते. पण वाटेत दोघांची ताटातूट झाली आणि सरहद्दीवर ती त्याच्यापेक्षा आठ दिवस उशिरा पोहोचली, म्हणून दोघांच्या फायली वेगळ्या झाल्या. कोणती फाइल कोणत्या न्यायाधीशापुढे जायची हे यंत्र ठरवतं. ओल्विनची फाइल मेरिलबाईंकडे गेली, देनियाची कास्टनरसाहेबांकडे. एकाच मजल्यावर, एकाच बोळात, शेजारशेजारची दोन दारं. मेरिलबाई शंभरांतल्या सत्तर जणांना आश्रय देत. कास्टनर तीन-चार जणांना देत. दोघं जिच्याकडे राहत त्या दिग्नामावशीच्या चाळवजा इमारतीत हे आकडे सगळ्यांना बसच्या नंबरासारखे पाठ होते. कास्टनरना तिथे कुणी नावाने ओळखतच नसे. लोक त्यांना ‘कुलूप’ म्हणत.

दोघांच्या वकील प्रिसिला ओचोआ यांनी अर्ज केला होता की हकिकत एकच आहे, तर दोन्ही फायली मेरिलबाईंपुढेच चालवाव्यात. कास्टनरनी एका ओळीत उत्तर दिलं: नामंजूर.

त्या संध्याकाळी मावशीने बालेआदांचा ढीग केला. गरम पोळीत घेवडा आणि साय भरून, दुमडून ती एकेक ताटात टाकत होती. ओल्विन चौथी खात होता.

"तोंड पाडून बसू नकोस गं," मावशी देनियाला म्हणाली. "भावाचं झालं. आता तुझंही होईल."

"त्याची जज वेगळी, माझा वेगळा."

"कायदा तर एकच ना?"

"कायदा एकच आहे मावशी," ओल्विन म्हणाला, "पण माझ्या बाईला ऐकू येतं."

तो हसला. देनिया हसली नाही. तिने त्याच्यापुढचं ताट उचलून मोरीत ठेवलं. त्यात अर्धी बालेआदा होती.

"खाऊ तर दे."

"खाल्लंस तेवढं पुरे."

"आता मला मिळालं, यात माझा काय गुन्हा?"

"गुन्हा कोण म्हणतंय? तुझ्या तोंडावरची साय पूस आधी."

ओल्विनने तोंड पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हे बघ देनिया, चेष्टा सोड. तू कुलपापुढं कॉफीचं सांगूच नकोस."

"तू सांगितलंस."

"मी माझ्या बाईला सांगितलं."

त्या कॉफीची हकिकत अशी. त्यांचे वडील नाऊन गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. झऱ्याच्या वाटेवर समितीच्या एका माणसाचा खून झाला. कुणी केला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि पोलिसांत कुणीच बोलत नव्हतं. नाऊन बोलले. त्यांनी नाव लिहून दिलं. साक्षीदार म्हणून खाली देनिया आणि ओल्विन यांनी सह्या केल्या. ज्याचं नाव लिहिलं त्याला लोक डावखुरा म्हणत. पंधरा दिवसांत नाऊन यांनाही त्याच वाटेवर गोळ्या घातल्या.

घरात नऊ दिवसांची प्रार्थना बसली. तिकडची रीत अशी की पांढऱ्या चादरीपुढे मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवतात, एक म्हातारी बाई रोज जपमाळ सांगते, आणि नऊ दिवस घराचं दार लावत नाहीत. येईल त्याला बसायला द्यायचं, हातात कॉफी आणि पाव द्यायचा. कोण आलं हे विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी डावखुरा आला. टोपी काढून पहिल्या रांगेत बसला. जपाला मोठ्याने उत्तरं देऊ लागला. बायकांचे आवाज बसले, त्याचा एकट्याचा राहिला. प्रार्थना संपल्यावर देनिया थाळी घेऊन फिरली. त्याच्यापाशी आली, आणि त्याला कॉफी दिली. त्याने सावकाश प्यायली आणि कप परत देताना विचारलं, "किती दिवस उरले?"

"सहा."

"पुरे करा," तो म्हणाला. "बापाचं अर्धवट ठेवू नये. मग बघू तुमच्या दोघांच्या सह्यांचं."

पुढचे सहा दिवस त्याने काही केलं नाही. नऊ दिवसांत मेलेल्याच्या घरावर हात टाकायला त्याच्यासारखाही धजत नसे. नववा दिवस झाला, पाहुण्यांना केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामालेस वाढून झाले, आणि शेवटचा पाहुणा उठायच्या आत भाऊबहीण मागच्या दाराने निघून गेले होते.

मेरिलबाईंनी हे ऐकून ओल्विनला एकच गोष्ट दोनदा विचारली होती, कितव्या दिवशी निघालात. निकाल सांगताना त्या म्हणाल्या, प्रार्थना चालू होती तोवरच ही मुलं सुरक्षित होती, आणि ती संपताच मुलं निघाली. यापेक्षा स्पष्ट भीती मी पाहिलेली नाही.

"तिला कळलं," ओल्विन म्हणाला. "कुलपाला नाही कळणार. इस्त्रीच्या दुकानातला रुबेन सांगत होता, त्याच्या मेहुणीनं मारेकऱ्याला रस्त्यात राम राम केला म्हणून सांगितलं, तर पाच मिनिटांत फाइल मिटली. वरच्या मजल्यावरची डॅनरी म्हणते, त्याच्यापुढं जेवढं कमी सांगाल तेवढं बरं. तू म्हण, तो दारात आला, तू आत लपलीस. संपलं."

"रुबेन वकील आहे का?"

"रुबेनला अनुभव आहे."

"शर्टाचे डाग काढायचा."

दुसऱ्या दिवशी ओचोआबाईंनी दोघांना समोर बसवून तीन वेळा बजावलं. "जे झालं तेच. देनियाच्या अर्जात कॉफी आहे, ओल्विनच्या शपथपत्रात कॉफी आहे. कास्टनरना खरंखोटं ठरवायची घाई नसते, त्यांना फक्त फट हवी असते. फट द्यायची नाही. ओल्विन, तू साक्षीदार आहेस. तुझी पाळी येईपर्यंत तू बाहेर बसणार. आत काय चाललंय ते तुला कळणार नाही. कळलं?"

"कळलं," ओल्विन म्हणाला.

सुनावणी तीन आठवड्यांनी होती. तीन आठवडे ओल्विन ज्याला त्याला विचारत राहिला.

*

कास्टनरांच्या खोलीत गारठा होता. ते बोलताना समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत आणि मधूनमधून टंकत. मावशी मागच्या बाकावर बसली होती. देनियाच्या शेजारी दुभाषी बाई होती, डोमिनिकन, मऊ आवाजाची.

ओचोआबाईंचे प्रश्न संपले. सरकारी वकिलाने काही विचारायच्या आतच कास्टनर म्हणाले, "मीच विचारतो. तुमच्या वडिलांना ज्यानं मारलं असं तुम्ही म्हणता, तो तुमच्या घरी आला?"

"हो."

"तुम्ही ओरडलात?"

"नाही."

"पोलिसांना बोलावलंत?"

"पोलिसांना सांगितलं म्हणूनच तर बाबा गेले."

"बोलावलंत की नाही?"

"नाही."

"त्याला कॉफी दिलीत?"

"दिली."

"साखर घालून?"

दुभाषी बाईने आधी कास्टनरांकडे पाहिलं. मग तिने विचारलं.

"आमच्याकडं भांड्यातच साखर घालतात," देनिया म्हणाली. "सगळ्यांना एकच असते."

सरकारी वकील कागदाकडे बघून हसला.

"मग तुम्ही आणखी सहा दिवस त्याच घरात राहिलात. दार उघडं ठेवून."

"नऊ दिवस पुरे झाल्याशिवाय बाबांना सोडून जाता येत नाही."

"तुमचे वडील वारले होते, बाई. त्यांना सोडून जायचा प्रश्न नव्हता."

देनियाने खाली पाहिलं. टेबलाच्या कडेला कुणीतरी नखाने ओरखडे काढून ठेवले होते, बरेच.

ओचोआबाई उठल्या. "साहेब, गावच्या पाद्रींचं पत्र जोडलेलं आहे. या दिवसांत शत्रूलाही दारातून परत पाठवत नाहीत आणि शत्रूही हात उचलत नाही, असं त्यांनी स्पष्ट..."

"पत्र मी वाचलंय. जिवाच्या भीतीपेक्षा रीत मोठी असते असं त्यात मला कुठं दिसलं नाही. बसा."

"साहेब, शेजारच्या न्यायालयानं याच पत्रावर..."

"बसा म्हटलं मी."

त्या बसल्या.

बाहेर बाकावर ओल्विन दीड तास होता. तेवढ्या वेळात त्या दारातून एक माणूस बाहेर आला. त्याची सुनावणी सकाळी झाली होती आणि तो फक्त कागद न्यायला परत आला होता. ओल्विनने त्यालाही विचारलं.

"मी सगळं खरं सांगितलं," तो माणूस म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानं माझंच बोलणं मला फेकून मारलं."

मग ओल्विनला आत बोलावलं. त्याने हात वर करून शपथ घेतली आणि खुर्चीत बसला. नाव, गाव, वडिलांचं नाव झालं. ओचोआबाईंनी विचारलं, तिसऱ्या दिवशी काय झालं. ओल्विनने देनियाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरलेला होता. त्यावरून त्याने काय ओळखायचं ते ओळखलं.

"तो दारापर्यंत आला," ओल्विन म्हणाला. "आत आला नाही. तिथूनच धमकी देऊन गेला."

ओचोआबाईंच्या हातातलं पेन थांबलं. पुढचा प्रश्न कास्टनरनी विचारला.

"तुमच्या बहिणीनं त्याला कॉफी दिली?"

"नाही."

"कुणी दिली?"

"कुणीच नाही. ती आत लपली होती. घाबरली होती ती, साहेब. फार घाबरली होती."

सरकारी वकिलाला उठायचीही गरज वाटली नाही. त्याने ढिगातून एक कागद ओढला. "हे तुमचं शपथपत्र. पान चार. ‘माझ्या बहिणीने त्याला कॉफी आणि पाव दिला.’ खाली सही कुणाची आहे?"

ओल्विनने सही पाहिली.

"माझी."

"याच कागदावर तुम्हाला याच मजल्यावर आश्रय मिळाला. मग खोटं तेव्हा बोललात की आज बोलताय?"

ओचोआबाई उभ्या राहिल्या. "साहेब, साक्षीदाराला वकिलाशी बोलायला पाच मिनिटं..."

"नाही. साक्षीदार गप्प आहे, अशी नोंद करा. तुम्ही खाली उतरा, मिस्टर. बाई, आता तुम्ही सांगा. दोघांतलं एकच खरं असू शकतं. तुमच्यापैकी कोण खोटं बोलतंय?"

दुभाषी बाईने प्रश्न इतक्या हळू सांगितला की कास्टनरनी तिला तो परत, मोठ्याने सांगायला लावला.

ओचोआबाईंनी देनियाच्या दंडावर हात ठेवला. एवढ्या एका हातात जे सांगायचं होतं ते देनियाला कळलं. भाऊ खोटं बोलला म्हटलं, तर सरकार त्याची मिटलेली फाइल पुन्हा उघडणार. मीच चुकले म्हटलं, तर तिची फाइल इथेच मिटणार. परत गेल्यावर तिथे डावखुरा होता, आणि आता नऊ दिवस राहिलेले नव्हते.

"कॉफी मी दिली," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा भाऊ खोटं बोलला."

"तो तुम्हाला घाबरला."

"मी ते विचारलं नाही."

"पण झालं तेच. शेजारच्या दारात तो खरं बोलला होता. तिथं त्याला मिळालं. इथं येईपर्यंत त्याला सगळ्या जगानं सांगितलं की तुमच्यापुढं खऱ्याचं काही होत नाही. डावखुरा समोर बसला होता तेव्हासुद्धा माझा भाऊ खोटं बोलला नव्हता, साहेब. त्यासाठी त्याला या खोलीत यावं लागलं."

दुभाषी बाईने एक शब्द गाळला नाही.

कास्टनरनी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली.

"शेजारच्या दारात काय होतं," ते म्हणाले, "त्याच्याशी मला कर्तव्य नाही."

वीस मिनिटांनी त्यांनी निकाल वाचून दाखवला. सुरुवातीला ते म्हणाले, अर्जदार खरं बोलते असं मी मानतो. सख्ख्या भावाविरुद्ध जाऊनही तिनं आपली हकिकत बदलली नाही. मावशीने मागच्या बाकावर स्वतःचाच हात घट्ट धरला. मग ते त्याच आवाजात पुढे म्हणाले, आणि तिची हकिकत खरी मानली, तर जिवाच्या भीतीनं पळणारी बाई सहा दिवस थांबत नाही, आणि ज्याची भीती वाटते त्याला कॉफी देत नाही. भीती सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. वरच्या मंडळाकडे दाद मागायला तीस दिवस.

दुभाषी बाईने सगळं सांगून संपवलं तेव्हा कास्टनर पुढची फाइल उघडत होते.

*

बोळात आल्यावर ओल्विन आधी बोलला. "मला खोटारडा केलंस. सगळ्यांसमोर."

"केलं नाही. सापडलास."

"तुझ्यासाठी बोललो मी."

"वकीलबाईंनी तीन वेळा बजावलं होतं."

"पण तुझा चेहरा बघितला मी. मला वाटलं, कॉफीनं तू बुडालीस."

"बुडाले होतेच. मग तू कशाला उडी मारलीस? तुला पोहता येतं?"

"नाहीतरी तो नाहीच म्हणणार होता. ऐकलंस ना? तुला खरी म्हणाला आणि तरी नाही म्हणाला. मी काहीही बोललो असतो तरी तेच होतं."

"हो. फक्त तुझंही घालवलंस."

"आणि तू वाचवलंस? ‘तो तुम्हाला घाबरला.’ मी काय शाळेतला पोर आहे?"

"भांडा, भांडा," मावशी म्हणाली. "जोरात भांडा. तो आत बसून ऐकत असेल. दिवस चांगला जाईल त्याचा."

शेजारचं दार उघडलं. मेरिलबाईंच्या खोलीतून एक कुटुंब बाहेर आलं, बायका रडत आणि हसत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. देनियाने तोंड फिरवलं.

ओचोआबाई शेवटी बाहेर आल्या. त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "सरकारी वकिलानं ओल्विनचा फाइल नंबर लिहून घेतलाय. ते पुढं काय करतील सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित वर्षानं नोटीस येईल."



"देनिया, तुझं अपील मी करणार. कास्टनरनी तुला खरी म्हटलंय, ते आता त्यांना गिळता येणार नाही. वरच्या मंडळाला सांगायचं: एकच घर, एकच धमकी, तेच सहा दिवस. एका दारात ते भीतीचा पुरावा ठरले, दुसऱ्या दारात भीती नसल्याचा. पण ओल्विनची आजची साक्ष त्यात अडकून बसलीय. ती निकामी करायची तर त्यानं लिहून द्यायला हवं, की आज मी खोटं बोललो आणि का बोललो."

"मग देईल की," मावशी म्हणाली.

"तो कागद त्याच्याविरुद्ध पुरावा होतो, मावशी. शपथेवर खोटं बोलल्याचा. देनियाचं बळ वाढेल आणि त्याचं कमी होईल." त्या ओल्विनकडे वळल्या. "यात मी तुम्हा दोघांचीही वकील राहू शकत नाही. तू आधी दुसऱ्या वकिलाला विचार. तो नको म्हणाला तर देऊ नकोस. मी तुला दोष देणार नाही."

ओल्विनने बहिणीकडे पाहिलं. "तू मागत का नाहीस?"

"तुझ्याकडं काही मागणार नाही मी."

"एवढा माज?"

"माज समज."

"तुला परत पाठवतील, देनिया."

"माहीत आहे. तूच एकट्यानं ऐकलंस का निकाल?"

तो बाकावर बसला. समोरून लोक जात होते. एका माणसाने हातातली नोटीस पुढे करून त्यालाच विचारलं, या नावाचे न्यायाधीश कसे आहेत. ओल्विनने नाव वाचलं आणि नोटीस परत दिली. "मला विचारू नका," तो म्हणाला. "वकिलाला विचारा."

मग तो उठला. "बाई, त्या दुसऱ्या वकिलाचं नाव द्या. आज भेटेल असा द्या."

"घाई नाही. तीस दिवस आहेत."

"तीस दिवसांत मी शंभर जणांना विचारीन," ओल्विन म्हणाला. "आणि मग मी काय लिहीन ते माझं मलाच सांगता यायचं नाही. आज द्या."

ओचोआबाईंनी एका चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहिला. पत्ता चार चौक पलीकडचा होता. ओल्विनने चिठ्ठी वाचली आणि वरच्या खिशात ठेवली. मावशी काहीतरी म्हणणार होती, पण ओचोआबाईंनी तिला डोळ्यांनी थांबवलं.

लिफ्ट आली. देनिया आत गेली, मावशी तिच्यामागून गेली. दार मिटू लागलं तसं देनियाने हात मध्ये घालून ते अडवलं. तिने भावाकडे पाहिलं नाही.

"येतोस," तिने विचारलं, "की अजून एक साक्ष द्यायचीय?"

तो आत आला. रस्त्यावर आल्यावर त्याने चिठ्ठी काढली, पत्ता पाहिला आणि डावीकडे वळला. देनिया मावशीबरोबर उजवीकडे बस थांब्याच्या दिशेने दहा पावलं चालली. मग ती थांबली, मावशीच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी मागे वळून त्याच्यामागून चालू लागल्या. तो चौकात सिग्नलपाशी उभा होता. त्याने त्यांना येताना पाहिलं.

"कशाला आलीस?" तो म्हणाला.

"तू आत काय सांगतोस ते ऐकायला," देनिया म्हणाली. "या वेळी कुणी बाहेर बसणार नाही."